पायाखालचा पत्रा

रबरी मॅट बाजूला सारून बिरुदेवनं गाडीच्या तळाला अंगठा टेकवला आणि तो आत गेला. त्यानं जोर असा लावलाच नव्हता. आंबा पिकला की नाही हे बघताना लावतात तेवढाच. पत्रा क्षणभर ताठ राहिला, मग ओल्या पापडासारखा मऊ पडून वाकला, आणि अंगठ्याच्या पेराला खालच्या फरशीवरचा गारवा लागला. त्यानं हात तसाच ठेवला. झटकन काढला असता तर मागं उभ्या असलेल्या गुरुजींना काहीतरी झालं हे कळलं असतं, आणि काय झालं ते स्वतःलाही इतक्या लवकर कळून घ्यायची त्याची तयारी नव्हती. चार बोटं पत्र्यावर, अंगठा पत्र्याच्या आत, गुडघे फरशीवर टेकलेले, पाठीवर सकाळी नऊचं ऊन. शेजारच्या घरात यंत्रमाग चालू होता. रविवार असूनही चालू होता. त्या आवाजात माणसाला काही वेळ न बोलता राहता येतं, एवढी एक सोय होती.

"काय रे बिरू, कशी आहे?" गुरुजींनी विचारलं.

"बघतोय," तो म्हणाला आणि अंगठा हळूच काढून घेतला. नखाभोवती तांबूस चुरा लागला होता. तो त्यानं पँटच्या मागच्या बाजूला पुसला आणि मॅट जागेवर सरकवली.

भवानी पेठेतल्या या गल्लीत तो दहा वर्षं राहिला होता. माळशिरसकडचं मेंढरांमागचं पोर, सोलापुरात पत्र्याच्या कामाला लागलेलं. शिवलिंगप्पा गुरुजींच्या घराला लागून असलेली एक खोली, तिला खिडकी नव्हती. पुढं लग्न झालं, तानाबाई आली, मुलगी सोनम झाली, आणि तिच्या शाळेचा फॉर्म गुरुजींनीच याच ओट्यावर बसून भरला. मग होटगी रस्त्याला दोन खोल्या घेतल्या, सोनम लग्न होऊन पुण्याला गेली, आणि गुरुजी वर्षाकाठी एकदा भेटायचे तेवढे उरले. ते महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ही पांढरी गाडी नवी कोरी घेतली होती. तिला आता चौदा वर्षं झाली. काचबिंदूनं डावा डोळा गेला आणि उजव्यावर डॉक्टरांचा भरवसा नाही, म्हणून गाडी विकायला काढायची होती. त्यांनी आपणहून फोन केला. तुझ्या बायकोचं कळलं, म्हणाले. तिला मोटरसायकलवर बसवत नाही, रिक्षा सोसत नाही, मग तूच घेऊन जा. किंमत त्यांनी अशी सांगितली की बिरुदेवला नुसतं ऐकूनच संकोच वाटला.

बाहेरून गाडी बघावी तर चार वर्षांची वाटत होती. पण गेली तीस वर्षं त्याचे हात पत्र्यातच होते. अपघातात चेपलेली दारं ठोकून सरळ करायची, गंजलेले तुकडे कापायचे, नवा पत्रा जोडायचा, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. कुठलीही गाडी तो डोळ्यांनी नंतर बघे, आधी बोटाच्या मागच्या हाडानं वाजवून बघे. इथंही त्यानं वाजवलं होतं. दारं खणखणीत होती, बॉनेट खणखणीत. खाली, दाराच्या तळाशी, आवाज बसका आला. सोलापूरच्या कोरड्या हवेत गाडी सहसा अशी गंजत नाही. कोकणातून आलेल्या गाड्यांचं वेगळं. त्या तो लांबून वासावर ओळखे. पण ही गाडी गल्ली सोडून फार तर अक्कलकोटला गेली असेल.

मग त्याला आठवलं, वर्षाकाठी भेटायला आला की दरवेळी दिसायचं ते. इथं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, बायका पिंप-घागरी भरून ठेवतात, आणि अशा गल्लीत गुरुजी रोज सकाळी गाडी धूत. पूजेच्या आधी. त्यांच्या परसात बोअर होतं, त्याचं पाणी खारं. पिता येत नसे, डाळ शिजत नसे, म्हणून ते गाडीला. बादल्यांवर बादल्या. दारं उघडून आतसुद्धा, मॅटखालीसुद्धा, कारण गुरुजींना आत धुळीचा कण खपत नसे. समोरचे तेलुगू विणकर हसायचे, की गुरुजींची गाडी त्यांच्यापेक्षा जास्त वेळा न्हाते. दारं लावली की आत ऊन-वारा शिरत नाही. मॅटखालचं पाणी तिथंच राहायचं. चौदा वर्षं, रोज सकाळी, ते खारं पाणी पत्रा खात बसलं होतं आणि गुरुजी वरून फडक्यानं आरसे पुसत होते. आत्ताही त्यांच्या खांद्यावर तेच पिवळं फडकं होतं.

बिरुदेव मागच्या चाकाजवळ जाऊन उगाच वाकला. त्याला कंटाळा आला होता. गाडीचा नाही, या वाकण्याचा. सकाळी उठून शेडवर जायचं, कुणाच्या तरी गाडीखाली शिरायचं, कुजलेलं शोधायचं, ते झाकायचं. उजवा खांदा आता वर जात नव्हता. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डोळ्यांची अशी गत झाली होती की संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसत. हा तळ नीट करायचा म्हणजे सीट काढायच्या, आतलं सगळं सोलायचं, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं; आणि तो कुठं लागेल हे कापल्याशिवाय कळत नाही. दोन महिने गेले असते. दुसऱ्या कुणाची असती तर त्यानं सरळ सांगितलं असतं, भंगारात द्या. किंवा मग, तो नको म्हणत असतानाच मनात आलं, वरून एक पत्रा ठोकायचा. जाडसर, सोळा गेजचा, चार बाजूंनी रिबिटचे खिळे, वर मॅट. एका दुपारचं काम. कुणाला कळत नाही.

शिवप्पा म्हणून एक व्हॅनवाला होता, त्याच्या गाडीला बिरुदेवनं तेच केलं होतं. त्या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. शिवप्पा शाळेची मुलं ने-आण करायचा, दोस्त होता, दुपारी डबा शेडवर आणून खायचा. व्हॅनचा तळ मधोमध गेला होता. परीक्षा तोंडावर आहेत, आठ दिवस गाडी उभी ठेवली तर पालक दुसरी बघतील, तूर्त पत्रा मार, सुट्टीत नीट करू, असं तो म्हणाला. आणि बिरुदेवनं मारला. छान मारला. मॅट टाकल्यावर दोघांनी पाय आपटून बघितलं आणि हसले. सहाव्या आठवड्यात, होटगी नाक्याजवळच्या गतिरोधकावर, एका मुलीचा पाय त्या पत्र्यासकट खाली गेला. गुडघ्यापर्यंत. तिसरीतली मुलगी होती. शिवप्पानं ब्रेक दाबेपर्यंत पाय दोन ठिकाणी मोडला होता. बिरुदेवला हे शेडवर कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा त्याच्या हातात हातोडा होता, आणि तो त्यानं बराच वेळ खाली ठेवला नाही, कारण खाली ठेवला तर पुढं काय करायचं ते कळत नव्हतं. पोलीस येतील म्हणून तो चार दिवस वाट बघत राहिला. कुणी आलं नाही. पत्रा मीच ठोकला, असं शिवप्पानं जबाबात सांगितलं होतं. व्हॅन गेली, धंदा गेला. पुढं एकदा भाजी मंडईत तो समोर आला. दोघं थांबले. शिवप्पानं त्याच्याकडं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं बघितलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बाजूनं निघून गेला. हे बिरुदेवनं कुणाला सांगितलं नाही, तानाबाईलाही नाही. आधी भीतीनं सांगितलं नाही आणि नंतर, न सांगून इतके दिवस झाले म्हणून.

"अवो," तानाबाईनं हाक मारली. "मी बसून बगू का?"

ती इतका वेळ ओट्यावर, गुरुजींच्या सुनेनं दिलेल्या खुर्चीत, एका बाजूला कलून बसली होती. दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती कुठंही सरळ बसत नसे. घरी पलंगावर कड बदलत राही, जेवताना उभी राही. माहेरी आई होती, गोजरबाई, डोळ्यांनी अधू. ती फोनवर कधी येतीस म्हणून विचारायची आणि तानाबाई म्हणायची, येते की, पुढल्या महिन्यात. पहिल्या वर्षी तानाबाईनं त्याला दोनदा विचारलं होतं, जाऊया का. मग विचारायचं सोडून दिलं. त्या न विचारण्याचं ओझं विचारण्यापेक्षा जड होतं. आज सकाळी मात्र ती लवकर उठली, ठेवणीतलं लुगडं नेसली, आणि कमरेचा पट्टा आवळताना म्हणाली की नुसतं बघून येऊया, न्हाय पटली तर न्हाय.

तो नको म्हणणार होता. दार उघडायला गुरुजी पुढं झाले, तानाबाईनं आधी बूड टेकलं, मग दोन्ही पाय हातांनी उचलल्यासारखे करून आत घेतले, आणि तोपर्यंत त्याच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. तिचे पाय मॅटवर होते. डावी टाच बरोबर त्या जागी. तो टाचेकडं बघत राहिला. तानाबाईनं मागं टेकलं. सुरुवातीला सावधपणे, दुखणं कुठून येतंय याची वाट बघत. मग थोडी आणखी. मग तिनं डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. मागाचा खडखडाट चालूच होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिच्या कपाळावरची दोन वर्षांची आठी, जी आता तिच्या चेहऱ्याचाच भाग झाली असं त्याला वाटत होतं, ती सुटत गेली आणि तिच्या खालून त्याला एक ओळखीची बाई दिसली.

"हितं दुखत न्हाय," ती डोळे न उघडता म्हणाली.

गुरुजी खूश झाले. त्या सीटमध्ये मागून कसा फुगवटा आहे, त्यांच्या पत्नीलाही ती कशी आवडायची, हे ते सांगत राहिले. बिरुदेवच्या कानावर त्यातलं थोडंच पडत होतं. त्याच्या डोक्यात गाडी निघाली होती. पंढरपूरला न थांबता, वेळापूरच्या पुढं कुठं तरी उसाच्या सावलीला चहा, मग माळशिरस, मग कच्चा रस्ता, गोजरबाई दारात हात कपाळाला लावून उभी. तळाचं नंतर बघता येईल. ती बसते तिथं आधी एक पत्रा मारू, आणि मग सवडीनं, दिवाळीच्या सुट्टीत, नीट करू. नंतर हा शब्द त्याच्या मनात फार सहज आला. तो कुणाचा शब्द होता हे त्याला माहीत होतं, तरीही त्यानं तो हाकलून दिला नाही. माणूस थकला की स्वतःशी भांडत बसत नाही. गुरुजींना घेतो म्हणून सांगावं एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल थांबली आणि एक तरुण जोडपं चालत आलं. मुलाचं नाव अभिमन्यू, कुठल्या तरी सूतगिरणीत सुपरवायझर. बायको रेश्मा, सातवा-आठवा महिना असावा, एक हात कमरेला. ओळखीच्या कुणाकडून गाडीचं कळलं होतं. गुरुजींनी स्पष्ट सांगितलं की पहिला हक्क बिरूचा. अभिमन्यूचा चेहरा पडला, पण तो शहाणा मुलगा होता, हुज्जत घातली नाही. एवढंच म्हणाला की दिवस भरत आले, मोटरसायकलवर भीती वाटते, नवी घेणं जमत नाही. काकांचं नाही ठरलं तर आम्हाला कळवा.  रेश्मा गाडीच्या सावलीला सरकून उभी राहिली आणि तिनं टपाला हात टेकला.

तानाबाईनं डोळे उघडले. तिनं रेश्माकडं बघितलं, वर, मग पोटाकडं, मग पुन्हा चेहऱ्याकडं. कितवा, म्हणून विचारलं. पहिलाच का, म्हणून विचारलं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, असं कळल्यावर कन्नडमधलं एक-दोन शब्दांचं काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. मग ती थोडा वेळ समोरच्या काचेतून गल्लीकडं बघत राहिली.

"ह्यांस्नी देऊन टाका," ती बिरुदेवला म्हणाली. "तिला गरज हाय. माझं काय, मी झोपून तरी राहते."

"अगं—"

"खरंच देऊन टाका. ती बसंल हितं." आणि ती पाय बाहेर काढू लागली. उठताना कपाळावरची आठी परत आपल्या जागी आली.

गुरुजींना भरून आलं असावं. त्यांनी बिरुदेवच्या पाठीवर हात ठेवला आणि अभिमन्यूला म्हणाले की हा माणूस तीस वर्षं पत्र्यात आहे, सोलापुरात याच्यासारखा पारखी नाही, यानं आत्ता सगळी गाडी तपासलीय. "सांग रे बिरू त्याला. तू सांगितलंस म्हणजे झालं."

अभिमन्यू त्याच्याकडं बघत होता. रेश्मा दाराशी आली होती आणि आत बसायला एक पाय उचलत होती. बिरुदेवला आपला हात तिच्या आणि दाराच्या मध्ये गेलेला दिसला. आपलाच हात, पण तो कधी उचलला हे कळलं नाही.

"ताई, बसू नका," तो म्हणाला.

पुढचं त्यानं फार सावकाश केलं. मॅट ओढून बाहेर टाकली. खिशातून पेचकस काढला आणि तळावर टेकवून, जोर न लावता, मुठीपर्यंत आत घातला. बाजूला दुसरीकडं घातला. तिसरीकडं. प्रत्येक वेळी बारीक, कोरड्या पोह्यांवर पाय पडल्यासारखा आवाज आला. भोकांतून खालची फरशी दिसू लागली.  अभिमन्यू वाकून बघत होता. मग तो सरळ झाला, त्यानं बायकोचा दंड धरला आणि तिला दोन पावलं मागं घेतलं. थँक्यू काका, असं पुटपुटला. ती दोघं गल्लीच्या तोंडाशी जाऊन मोटरसायकल सुरू करेपर्यंत गुरुजी त्या भोकांकडं उजवा डोळा बारीक करून बघत राहिले होते.

"जुनी झाली, गुरुजी," बिरुदेव म्हणाला. "पत्र्याचंबी आयुष्य असतंय. आता रस्त्यावर घालू नका. कुणाला देऊबी नका."

"पण मी रोज धूत होतो," गुरुजी म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. हिशोब चुकला नसताना उत्तर चुकलेल्या मुलासारखे ते म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही मी."

"व्हय," बिरुदेव म्हणाला. "मला ठाऊक हाय."

खाऱ्या पाण्याचं नाव त्यानं काढलं नाही. सांगता आलं असतं. पण ज्याला उद्यापासून धुवायला काही उरलं नाही त्याला ते सांगून कुणाचा पाय वाचणार नव्हता. गुरुजींनी चहाला थांबा म्हटलं नाही. ते कधी असं विसरत नसत. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी त्याची घडी घातली, ती पुन्हा मोडली, आणि ते ओट्यावर बसले.

चौकापर्यंत रिक्षा मिळणार नव्हती, आणि मिळाली तरी तानाबाई म्हणाली की चालत जाऊया, बसण्यापेक्षा चालणं बरं. ऊन चढलं होतं. चादरीच्या दुकानांची फळकुटं बंद होती, एका दारात सुताच्या लडी वाळत घातलेल्या होत्या. ती दर वीस-पंचवीस पावलांनी थांबायची, मग तो थांबायचा. त्याला वाटलं ती गाडीबद्दल हळहळेल, किंवा गुरुजींबद्दल. 

"तिला सांगितलंसा," तिसऱ्यांदा थांबल्यावर ती म्हणाली. "मी बसले तवा न्हाय सांगितलं."

तो समोरच्या बंद फळकुटांकडं बघत राहिला.

"ठाऊक हुतं न्हवं तुमास्नी? मी बसायच्या आदी?"

"व्हय."

"आन् ती पोरगी आली नसती तर?"

आधी नीट केली असती, मगच तुला बसवलं असतं. हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, घासून गुळगुळीत केलेलं, रंग मारलेलं. तिनं ते मानलं असतं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती, म्हणजे खोटं बोलणं आणखी सोपं होतं. पण तेवढंसुद्धा काम करायची ताकद आज त्याच्यात उरली नव्हती.

"घेतली असती," तो म्हणाला. "तुला न सांगता. वरनं पत्रा मारून."

तानाबाईनं मान हलवली. राग आला की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. समोरून एक टेम्पो आला, तो जाईपर्यंत दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. टेम्पो गेला, धूळ खाली बसली.

"आन् मी बसले असते," ती म्हणाली. "गपगुमान."

पुढं रस्त्याला उतार होता आणि उतारावर तिला कायम त्याचा खांदा लागायचा. तो नेहमीसारखा अर्धं पाऊल पुढं होऊन उभा राहिला, चांगला खांदा तिच्याकडं करून. तिनं हात उचलला. खांद्यावर ठेवायच्या आधी तो मध्येच, वीतभर वर, थांबला. बिरुदेवनं मागं वळून बघितलं नाही. मग तो हात आला. आधी नुसती बोटं, दाबून बघत असल्यासारखी, मग तळवा, आणि मग, उतार सुरू झाल्यावर, तिचं सगळं वजन.